जमिनीवर उतरल्यावर

विमानात मी आयुष्यात एकंदर तीन वेळा बसलो आहे, आणि तिन्ही वेळा विमान आकाशात मीच तोलून धरले आहे. खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून, पाय पुढे रोवून आणि ओठ मिटून मी बसलो नाही, तर ते अवाढव्य धूड खाली येईल अशी माझी प्रामाणिक समजूत असते. शेजारचे प्रवासी खुशाल झोपा काढतात. त्यांच्या वाटणीचे वजनही मलाच पेलावे लागते. विमान जमिनीला टेकते तेव्हा माझे दंड दुखत असतात, आणि वैमानिकाने निदान दारात उभे राहून माझे आभार मानावेत असे मला वाटते.

अशा माणसाने गेल्या पावसाळ्याचे दोन महिने वैमानिकांच्या गोष्टी वाचण्यात घालवावेत, हे घरच्यांना विपरीत वाटले असल्यास नवल नाही. पण घडले खरे तसे. बाहेर बेळगावचा पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला होता, आणि मी पडवीत आरामखुर्ची टाकून, मांडीवर इंग्रजी शब्दकोश व हातात पुस्तक घेऊन, कधी अटलांटिकवर तर कधी हिमालयावर हिंडत होतो. मधूनच मी इतक्या मोठ्याने हसे, की काय झाले म्हणून स्वयंपाकघरातून विचारणा होई.

या उद्योगाला कारणीभूत झाले आमचे शेजारी वॉरंटसाहेब. हवाई दलात ते इंजिनाचे फिटर म्हणून लागले आणि वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले. तेव्हापासून सारी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. बेळगावकरांना विमान तसे परके नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, सांबऱ्याला धावपट्टी झाली. पुढे तेथे हवाई दलातील जवानांच्या शिक्षणाचे केंद्रही आले. सांबऱ्याच्या बाजूने विमानाचा आवाज आला, की वॉरंटसाहेब बोलता बोलता थांबतात, मान किंचित कलती करतात, आणि आवाज विरला की "ठीक आहे" असे म्हणून तुटलेले वाक्य पुन्हा हाती घेतात. मी विमान तोलून धरतो ही हकीकत त्यांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. उठून घरात गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जाड पुस्तक घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, हे वाचा. भीती जाणार नाही तुमची. पण भ्यायचं कशाला, ते कळेल."

ते पुस्तक म्हणजे अर्नेस्ट गॅन या अमेरिकन वैमानिकाचे 'फेट इज द हंटर'. १९६१ साली ते प्रसिद्ध झाले. गॅनचा जन्म १९१० सालचा. त्याने प्रवासी विमाने चालविली, महायुद्धाच्या काळात सैन्याची मालवाहू विमाने जगभर नेली, आणि पुढे कादंबरीकार म्हणून नाव मिळविले. दैव हे शिकारी आहे असे सांगणारे नाव पाहून मला वाटले, हे पुस्तक फार गंभीर असणार. तसे ते आहेही. परंतु वाचू लागलो तेव्हा मला भेटला तो एक मिस्कील गोष्टीवेल्हाळ गृहस्थ. आपली फजिती इतक्या निर्विकारपणे सांगणारा, की हसून झाल्यावर दोन मिनिटांनी आपल्या अंगावर काटा येतो.

गॅन नवशिक्या सहवैमानिक होता तेव्हाची गोष्ट. रॉस नावाच्या एका कडक कप्तानाच्या हाताखाली तो शिकत होता. बाहेर काही दिसत नाही, केवळ समोरच्या काट्यांवर भिस्त ठेवून विमान खाली आणायचे आहे, सारे लक्ष एकवटले आहे. आणि अशा ऐन वेळी रॉसने काय करावे? त्याने एक काडी पेटविली आणि गॅनच्या डोळ्यांपुढे धरली. गॅनने ती फुंकली. रॉसने दुसरी पेटविली. तीही फुंकली. तिसरी तयारच होती. गुरूचे डोके फिरले आहे अशी शिष्याची खात्री झाली. पण सारे सुरळीत असताना विमान कोणीही उतरवील. सारे बिघडलेले असताना, डोळ्यांपुढे जाळ नाचत असताना ज्याचे चित्त ढळत नाही तो खरा वैमानिक, हा त्या काड्यांचा अर्थ होता. पुढे एका खऱ्या संकटाच्या घटकेला गॅनला त्या काड्यांची आठवण झाली आणि तिचे मोल कळले. मी पस्तीस वर्षे गणित आणि भूगोल शिकविला. शिकवण्याच्या पद्धतींवर व्याख्याने ऐकली, ती नंतर दिलीही. त्या सर्वांत ही काडेपेटी मला कोठे आढळली नव्हती.

दुसरी गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. महायुद्धाच्या काळात गॅन सी-८७ नावाचे चार इंजिनांचे मालवाहू विमान घेऊन आग्र्याहून निघाला. दिवस कडक उन्हाचा. तापलेली हवा विरळ असते. तिच्यात पंखांना पुरेसा आधार मिळत नाही आणि इंजिनांचाही जोर घटतो. त्यातून विमानात त्याच्या समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक भार. धावपट्टी संपत आली तेव्हा ते धूड कसेबसे उचलले गेले. पण वर चढेना. आणि समोर काय, तर ताजमहाल! युद्धकाळात रक्षणासाठी त्याच्या घुमटाभोवती बांबूंच्या पराती बांधल्या होत्या. शहाजहानच्या त्या प्रेमाच्या स्मारकाकडे जगातले सारे प्रवासी आतुरतेने येतात. परंतु इतक्या वेगाने आणि इतक्या अनिच्छेने बहुधा गॅन एकटाच आला असावा. अखेरच्या क्षणी त्याने पंखांचे फ्लॅप एकदम पूर्ण खाली सोडले. तसे केल्याने विमान घटकाभर वर उसळी घेते, पण त्याचा वेगही मरतो. म्हणजे उद्याची ठेव मोडून आजचे देणे भागविण्यासारखे ते आहे. देणे भागले. विमान घुमटावरून पार झाले. वाचताना मी, नेहमीच्या सवयीने, आरामखुर्चीचे दोन्ही हात धरून ती उचलू पाहत होतो.

हे पुस्तक मी परत केले आणि वॉरंटसाहेबांनी दुसरे दिले, मग तिसरे. शिवाय प्रत्येक वेळी त्यांच्या पोतडीतून एक तोंडी गोष्टही मिळे. त्यांतली एक जगातल्या सर्व हवाई दलांत सांगितली जाते म्हणे. एक वैमानिक विमानाची चाके खाली सोडायला विसरला आणि पोटावर घसरत, ठिणग्या उडवीत धावपट्टीवर थांबला. चौकशीत त्याला विचारले, "चाके वर आहेत, उतरू नका, असे मनोऱ्यावरून ओरडून ओरडून सांगत होते. तुम्ही ऐकले कसे नाही?" तो म्हणाला, "साहेब, ऐकू कसे येणार? चाके वर राहिली म्हणजे वाजतो तो भोंगा केबिनमध्ये एवढ्या मोठ्याने वाजत होता!"

ही गोष्ट मी घरात सांगितली तेव्हा सारे हसले. मग माझी नात गंभीर होऊन म्हणाली, "आजोबा, तुमच्या पण कुकरच्या शिट्ट्या अशाच होतात." या आरोपात तथ्य आहे.

विनोदाने शिकविण्याची ही रीत वैमानिकांनी मोठ्या शिस्तीने जोपासलेली दिसते. १९४१ साली, लढाई ऐन भरात असताना, ब्रिटिश हवाई दलाने वैमानिकांसाठी 'टी एम' नावाचे एक मासिक काढले. आज्ञापत्रके कोणी वाचत नाही हे अनुभवाने कळल्यामुळे त्याचे संपादन त्यांनी अँथनी आर्मस्ट्राँग या विनोदी लेखकाकडे सोपविले. बिल हूपर या चित्रकाराने त्यासाठी 'पायलट ऑफिसर पर्सी प्रून' नावाचे एक पात्र रंगविले. प्रून हा गडी उमदा, शूर, आणि दर महिन्याला एक विमान मोडणारा. इंधन न पाहता निघणारा तो, नकाशा विसरणारा तो, चाके न सोडता उतरणारा तो. त्या मासिकात दर महिन्याला एक उपरोधिक पदकही दिले जाई. ज्याने त्या महिन्यात खरोखरच सर्वांत ठळक मूर्खपणा केला असेल त्याला. अमेरिकेत 'फ्लाइंग' या मासिकात १९३९ सालापासून एक सदर चालत आले, त्याचा मथळाच असा की यातून मी उड्डाणाविषयी काहीतरी शिकलो. त्यात वाचक वैमानिकाने आपली घोडचूक स्वतःच्या लेखणीने लिहायची.

आणि सारीच शिकवण फजितीची असते असे नाही. फ्रेंच वैमानिक-लेखक सँतेक्झुपेरी याने १९३९ सालच्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. टपालाचे विमान घेऊन तो प्रथमच स्पेनवरून जाणार होता. आदल्या रात्री तो गियोमे नावाच्या अनुभवी मित्राकडे गेला. गियोमेने त्याला स्पेनचा भूगोल शिकविला, पण कसा? लोकसंख्या नाही, नद्यांची लांबी नाही. ग्वादिक्स गावाजवळ एका शेताच्या कडेला संत्र्याची तीन झाडे आहेत, त्यांना जपून राहा. अमक्या कुरणात गवताखाली एक ओढा लपला आहे. संकटात तेथे उतरू गेलास तर तो घात करील. तमक्या टेकडीवर तीस मेंढ्या असतात. त्या ऐन वेळी चाकांखाली धावतील. भूगोलाचा मास्तर म्हणून मी हे पान तीनदा वाचले. मुलांना मी द्वीपकल्पाची व्याख्या पाठ करावयास लावली. ती संत्र्याची तीन झाडे मात्र दाखविली नाहीत.

या सर्व गोष्टींत मला एवढी गोडी का वाटावी, याचा मी विचार करू लागलो. साहस हे कारण नव्हे. साहसकथा मला लवकर कंटाळा आणतात. ध्यानात आले ते असे, की या गोष्टींत हसणारा आणि ज्याला हसायचे तो, हे दोघे एकच असतात.

दुसऱ्याच्या चुकीवर हसणे ही विनोदाची बिगरयत्ता होय. आगाखानांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले होते. मनमोहनसिंग नावाच्या वैमानिकाने आपल्या विमानाला 'मिस इंडिया' असे नाव दिले. वाटेत तो रस्ता चुकू लागला तेव्हा एका इंग्रज संपादकाने कोटी केली, की नाव अगदी योग्य आहे. हा गृहस्थ हिंदुस्थानला खरोखरच 'मिस' करणार! कोटी चांगली आहे आणि मीही हसलो. पण तिच्यातून कोणी काही शिकले असेल असे वाटत नाही. त्याच स्पर्धेतील दुसरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि अवघा सतरा वर्षांचा आस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. आस्पी एका स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी प्रतिस्पर्ध्याला आपल्याजवळचा प्लग दिला. तो पुढे निघाला, आणि बक्षीस त्यालाच मिळाले. हाच आस्पी पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. टाटा शर्यत हरले. पण आपल्याजवळचा सुटा भाग दुसऱ्याला देणे ही या लोकांची मूळ वृत्तीच दिसते. चुकीची गोष्ट सांगणे हा त्याच वृत्तीचा दुसरा प्रकार. माझ्याजवळ एक अनुभव आहे, तुला वाटेत लागेल, घेऊन जा.

मात्र या हसण्याला एक मर्यादा असते, आणि ती गॅनच्या पुस्तकाच्या आरंभीच दिसते. मजकूर सुरू होण्यापूर्वी तेथे नावे छापली आहेत. पानेच्या पाने, शेकडो नावे. तो ज्यांना ओळखत होता, ज्यांच्या धंद्यात तो होता, आणि जे उडताना गेले, त्यांची ती यादी. प्रथम मी ती अर्पणपत्रिका म्हणून उलटून गेलो होतो. पुस्तक संपल्यावर परत वळलो आणि ओळीने वाचली. मग कळले, की जे जमिनीवर सुखरूप उतरले त्यांच्याच चुकांवर गॅन हसतो. जे उतरले नाहीत त्यांच्याविषयी बोलताना त्याचा आवाज खाली येतो. एका रात्री आपले विमान ठरलेल्या उंचीपेक्षा पन्नास फूट वर आहे असे पाहून, केवळ नेटकेपणाच्या हौसेने त्याने ते खाली आणले, आणि लगेच दुसरे विमान अगदी जवळून निघून गेले. ही हकीकत तो विनोदाने सांगत नाही. आपण वाचलो यात आपली हुशारी किती आणि दैव किती, हा हिशेब त्याला अखेरपर्यंत सुटलेला नाही.

हे मी वॉरंटसाहेबांना म्हणालो, तेव्हा त्यांनी त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. कामावर नवे होते तेव्हाची. फिटरच्या हत्यारांचा एक फळा असतो. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली. काम संपले की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत टांगायचे. एक आकृती जरी रिकामी राहिली तरी ते विमान उडत नाही. विसरलेला पाना इंजिनात किंवा सुकाणूच्या तारांत अडकला तर काय होईल ते सांगायला नको. एका रात्री त्यांचा एक लहान स्क्रू ड्रायव्हर सापडेना. पहाटे विमान निघायचे होते. बाजारातून तसाच दुसरा आणून टांगणे अगदी सोपे होते. रात्री दोन वाजता ते धडधडत्या छातीने वरिष्ठांच्या दारात जाऊन उभे राहिले. सहा माणसे उठली, विमानाचे झाकण न् झाकण उघडले गेले, पहाट टळली. सकाळी आठ वाजता हत्यार सापडले. वॉरंटसाहेबांच्याच जेवणाच्या डब्यात, पोळीच्या फडक्यात गुंडाळलेले!

"शिक्षा काय झाली?" मी विचारले.

"आठवडाभर सगळी पलटण मला विचारायची, आज भाजी काय आणलीस, पान्याची की पकडीची?" ते हसून म्हणाले. "पण साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, याने दोन वाजता दार वाजवलं म्हणून मी याच्या हातचं विमान डोळे मिटून उडवीन. तेवढं पुरलं, मास्तर. चाळीस वर्षं पुरलं."

दार न वाजविल्यास काय होते, हेही त्यांनीच मला वाचावयास दिले. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येणारे टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातील एका डोंगरावर आदळले. आतील ९२ माणसांपैकी एकही वाचला नाही. खाली येण्याची परवानगी देणाऱ्या काही ठराविक शब्दांचा अर्थ मनोऱ्यातले लोक एक समजत होते आणि वैमानिक दुसरा. वैमानिकाला वाटले, आपल्याला आता थेट खाली उतरावयास मोकळीक आहे. चौकशीत असे निघाले, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी याच ठिकाणी, याच समजुतीने दुसऱ्या एका कंपनीचे विमानही असेच खाली आले होते. ते थोडक्यात बचावले. त्या वैमानिकांनी आपली हकीकत कळविली होती, आणि त्यांच्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. पण ती गोष्ट त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडली नाही. शेजारच्या घरातली ९२ माणसे तिच्यावाचून गेली. या अपघातानंतर १९७६ साली अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक लिहून कळवायची. ती 'नासा' या तिऱ्हाईत संस्थेकडे जाते. तेथे नावगाव काढून टाकले जाते, आणि नुसती गोष्ट सर्वांना वाटली जाते. तिचे 'कॉलबॅक' नावाचे एक छोटे मासिक पत्रही १९७९ सालापासून निघू लागले. आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेतले ते परमेश्वरापुढे. या लोकांनी ते शेजाऱ्यापुढे म्हणवून घेण्याची सोय केली.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. याचे कारण विमान नव्हते. वाचकांना ते सांगणे आता भाग आहे. इतका वेळ इतरांच्या चुका चवीने सांगून स्वतःची झाकून ठेवणे बरे दिसणार नाही.

१९८३ साली मी नववीला गणित शिकवीत होतो. वार्षिक परीक्षेत एका मुलाला २८ गुण पडले. उत्तीर्ण होण्यास ३५ लागत. तो नापास झाला. मुलगा शहापूरच्या विणकराच्या घरातला. अबोल, अक्षर वाईट, पण डोके चांगले. निकाल ऐकून तो काही बोलला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. बापाने त्याला मागावर बसविले होते. त्याच महिन्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधताना त्याची उत्तरपत्रिका माझ्या हाती आली. मागे पुरवणी जोडलेली होती. तिच्यातली दोन उदाहरणे मीच तपासली होती, त्यांवर माझ्याच हातचे ९ गुण होते, आणि ते बेरजेत धरलेले नव्हते. २८ आणि ९. गणिताच्या मास्तराची बेरीज चुकली होती.

मुख्याध्यापकांचे दार दहा पावलांवर होते. मी ते वाजविले नाही. मनाशी म्हणालो, मुलगा आता कामाला लागला आहे. बापाला पैसा हवाच होता. आता बोलून काय उपयोग? एका संध्याकाळी मी शहापूरला त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. आतून मागांचा खडखडाट येत होता. ऐकत उभा राहिलो आणि परत फिरलो. त्या आवाजात माझे बोलणे ऐकू येणार नाही, असे मी स्वतःला सांगितले. चाके वर राहिलेल्या त्या वैमानिकाच्या भोंग्यावर मी गेल्या पावसाळ्यात एवढा हसलो तेव्हा हा दुसरा आवाज मला आठवला नाही, हे आश्चर्यच म्हणायचे.

तो गठ्ठा रद्दीत गेला. पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी प्रत्येक उत्तरपत्रिकेची बेरीज तीन तीन वेळा करीत असे. सहकारी माझ्या काटेकोरपणाची वाखाणणी करीत. निवृत्तीच्या समारंभात त्यावर एक भाषणही झाले.

यंदा शिक्षकदिनाला माझ्या जुन्या शाळेने मला चार शब्द बोलण्यास बोलाविले. टिपण तयार होते, गुरुशिष्य-परंपरेवर. ते खिशातच राहिले. समोर नव्या शिक्षकशिक्षिका बसल्या होत्या. त्यांना मी प्रथम भोंग्याची गोष्ट सांगितली, मग वॉरंटसाहेबांच्या डब्याची. सारे मोकळेपणाने हसले. मग मी पुरवणीची गोष्ट सांगितली. तीही हसत सांगावी असे मी ठरविले होते, पण जमले नाही. आवाज खाली आला. चार दिवसांनी एक तरुण शिक्षिका घरी आली. आता आम्ही दोघीदोघी एकमेकींच्या उत्तरपत्रिकांची बेरीज तपासतो, पुरवणीचे गुण पहिल्या पानावर वेगळे लिहितो, असे म्हणाली. जाताना दारात थांबून तिने आपली स्वतःची एक चूक मला सांगितली. ती येथे लिहिणार नाही. ती तिची आहे.

मग शहापूरला जाणे उरले. तो आता छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा आहे. स्वतःचे चार यंत्रमाग आहेत. बाजारात भेटला म्हणजे इतकी वर्षे तो मला वाकून नमस्कार करीत आला आहे, आणि मी तो घेत आलो आहे. मला दारात पाहून त्याने एकेक माग बंद केला. चौथा थांबला तेव्हा ती शांतता मला फार मोठी वाटली. मी उभ्या उभ्याच सारे सांगितले. आकडेही सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. "म्हणजे सदतीस," तो म्हणाला. मग आत पाहून चहा टाकायला सांगितले. मला बसावयास खुर्ची दिली. रागावला नाही, आणि "जाऊ द्या सर, त्याचं काय" असेही म्हणाला नाही. चहा निम्मा झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या जूनमध्ये सांगितलं असतंत, तर मी परत आलो असतो. वडील नाही म्हणाले नसते. मलाच वाटलं होतं, आपल्याला गणित येत नाही."

एवढेच. त्याने मला कोपऱ्यापर्यंत पोहोचविले. मी वळलो तेव्हा मागे एकेक माग पुन्हा सुरू होत होता.

परत येऊन मी वॉरंटसाहेबांचे शेवटचे पुस्तक परत करावयास गेलो. काय काय घडले ते त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. माझे समाधान करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. असल्या गोष्टींत समाधान किती असते हे ते जाणतात. इतक्यात सांबऱ्याच्या बाजूने संध्याकाळचे विमान आले. त्यांनी मान कलती केली. मीही केली. आवाज खाली खाली गेला आणि विरला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते "ठीक आहे" म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, "उशिरा का होईना, दार वाजवलंत, मास्तर." आणि दुसरे पुस्तक आणण्यासाठी आत गेले.